काळ्या कप्प्याचा काठ

४ मे
पोचलो एकदाचा नागपूरले! मेहकरहून रातभर बस, पण खुशीत झोपच लागली नाही. लकडगंजात मधुकररावांचं शोभेच्या मासोळ्यांचं दुकान आहे. राहणं दुकानातच, कूलरसमोर. वीटभट्टी सोडली, ढाबा सोडला, आई म्हणे इथं तरी टिक गा. टिकतो. बहीण दीक्षाने वही दिली. सातवीपर्यंतचं तरी विसरू नको म्हणे.
मधोमध मोठी टाकी आहे, माणूस आडवा मावेल एवढी. मालकाने बंद पडलेल्या हाटेलातून आणली.

८ मे
दुपारी शटर बंद असते. मी लोकांच्या घरी टाक्या धुवाले जातो. आज परतलो तर फरशीभर पाणी. मालक भडकला. खाली वायरी आहेत, करंट लागून कोणी मरेल म्हणे. पाणी कमी कर, नाही तर बिस्तरा उचल.
टाकीच्या कोपऱ्यात काळा कप्पा आहे. पाणी त्याच्या काठावरून आत सांडते, पायपाने खालच्या छोट्या टाकीत उतरते, मोटर परत वर फेकते. काठ जेवढा उंच तेवढं पाणी. आरीने काठ चार बोटं कापला. पाणी चार बोटं उतरलं, जास्तीचं बादलीने फेकलं. मालक खूश.

१० मे
फरशी परत ओली. काचेवर ओली रेघ जुन्या उंचीवर. हात घालून पाहिला. हाताएवढं पाणी सांडून खालच्या टाकीत गेलं, ती काठोकाठ भरली, हात काढला तर वरचं पाणी काठाखाली. म्हणजे दुपारी टाकीत कोणी तरी उतरते. मोठं.
चौकीदार नानाजीच असेल, या उन्हात आंघोळ करत. विचारलं तर म्हणे, मी का म्हैस आहो का बे डुंबाले? म्हणे तो दुपारी बाहेर ओट्यावरच झोपते. आत काहून नाही, ते सांगत नाही. खोटारडा.

१२ मे
मालकाले म्हटलं, मी आत लपतो, तुम्ही बाहेरून कुलूप लावा. दुसरी किल्ली नानाजीजवळ असणारच. काठ अजून कापला, पाणी गुडघ्याएवढं ठेवलं. आता म्हातारा कसा डुंबते पाहतो.

दुपार
मासोळ्या सगळ्या एका कोपऱ्यात. हलत नाहीत.
नानाजी बाहेर खोकलून राहिला. शटर बंदच. मग पाणी काहून —

खालची टाकी उतू चालली. वरच्या टाकीत कोणी नाही. आरपार दिसते.

शटर बडवलं. नानाजी म्हणे किल्ली मालकाजवळच, आणतो, थांब पोरा. पळाला.
मालकाचा फोन लागत नाही —

पाण्याच्या वर, जिथं काहीच नाही, तिथून थेंब गळून राहिले. त्याले झाकाले पाणी पुरत नाही. मीच कापला —

पाणी काठावरून सांडून राहिलं तोवर ते आतच आहे. नजर काठावर ठेवून लिहितो. आवाज चालू आहे. चालू आहे. चालू —

बंद.
पाणी काठाखाली गेलं. एकदम.

फरशीवर ओलं. कूलरच्या अलीकडे —

नानाजी अजून —

वहीवर थेंब प