वेकाचा कप

रिव्हर्टन
ता. ९ फेब्रुवारी १९९६

चि. फर्गस यास थोरलीचे अनेक आशीर्वाद.

तू खुशाल असशीलच, तुला काय धाड भरलीय! इकडे आई बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते, पण पेपरात तुझं नाव आलं की तोच गुडघा घेऊन शेजारच्या जेसीकडे धावत जाते. शेकोटीवरच्या फळीवर आता सगळे तुझेच फोटो आहेत. माझा एक होता, सोळाव्या वर्षी जिंकले तेव्हाचा, तो न्हाणीघराच्या दाराशी गेला. "तिथे उजेड बरा पडतो गं," म्हणाली.

फोनच करणार होते. पण फोनवर माझा आवाज चढतो, मग तू "घोडा सुटला, ठेवतो" म्हणतोस आणि ठेवतोस. म्हणून पत्र.

शनिवारच्या गाडीशर्यतीचं अभिनंदन. पहिला, दुसरा, तिसरा, तिन्ही तुझे. क्राइस्टचर्चहून ट्रक भरून घोडे घेऊन तू देशाच्या या तळाच्या टोकाला उतरतोस, जेवढे कप असतील तेवढे उचलतोस आणि अंधार पडायच्या आत परत निघतोस. आईला भेटायलाही वेळ नसतो. आई म्हणते, "दमला असेल बिचारा." कप उचलून दमला असेल!

माझी घोडी वेका चौथी आली. तुझा काळा पहिल्यापासून कठड्याला धरून पुढे, तुझा दुसरा त्याच्या पाठीमागे आडोशाला, तिसरा दोघांच्या बाहेरून दार लावल्यासारखा. मग आम्ही उरलेल्यांनी काय करायचं? पार बाहेरून, वारा छातीवर घेत, प्रत्येक वळणाला जास्तीचं अंतर तोडायचं. एवढं करूनही माझ्या पोरीने एकदाही दुडकी सोडून चौखूर उधळली नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. घोड्यातलं तुला कळतं, ते मी कधी नाकारलं नाही.

लेस्टरचा घोडा एकदा तुझ्या काळ्याच्या खांद्याशी आला होता. त्याच्यात दम होता. त्याने नुसता रेटा लावला असता तरी काळा शेवटाला ढेपाळला असता आणि आम्हा बाकीच्यांना वाट मिळाली असती. पण लेस्टर हळूच मागे सरकला. गाड्या सोडल्यावर मी त्याला गाठलं.

"काय रे, हात आखडले होते का?"

"मोरॅग, तू मला महिन्यातून एक घोडा हाकायला देतेस. फर्गस आला की दोन देतो. मी त्याचाच घोडा दमवू? मग माझ्या बायकोला तू समजावशील?"

म्हणजे बघ, तू काही लबाडी केली नाहीस. तुला काही करावंच लागत नाही! बळी तो कान पिळी म्हणतात, इथे तर लोक आपणहून कान पुढे करतात.

दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. बुधवारी क्लबच्या सभेत मी ठराव मांडला, की एका पागेचे एका शर्यतीत दोनाच्या वर घोडे असू नयेत. सेक्रेटरी क्लाइव्ह चष्मा पुसत म्हणाला, "फर्गसने चिडून घोडे आणलेच नाहीत तर उरतील पाच. पाच घोड्यांवर पैसे कोण लावणार? तू आणि तुझी आई?"

"तिची आईसुद्धा फर्गसवरच लावते!" मागून कोणीतरी ओरडलं.

सगळा हॉल हसला. मीही हसले. घरी येऊन बादलीला लाथ घातली. क्लाइव्हचं म्हणणं खरं होतं, याचा राग जास्त आला.

मी जळते, फर्गस. लपवून काय करू? आपण दोघं एकाच बापाकडे शिकलो. पहाटे किनाऱ्यावर त्यांच्या दोन्ही बाजूंनी गाड्या हाकल्या. बाबा माझा हात हलका म्हणायचे, तुझा जड. मग तू अमेरिकेला गेलास, श्रीमंत मालक गाठलेस, आणि आता तुझ्या घोड्यांना पोहायला गरम पाण्याचा तलाव आहे. माझ्याही घोड्यांना समुद्र आहे म्हणा, पण तो कोणी तापवत नाही.

बरं. ज्यासाठी कागद घेतला ते इतका वेळ टाळलं, ते आता लिहिते. काल हॅनिगन आला होता, चीज रोलचा डबा घेऊन. वेकाचा मालक रिकाम्या हाताने आला तर काळजी नसते. डबा आणला की समजायचं, काहीतरी गिळायला लावणार आहे.

"मोरॅग, माझं वय झालं," म्हणाला. "जन्मभर मेंढ्या कातरल्या, आता एक मोठा कप बघून डोळे मिटायचेत. मार्चमधला हार्बर कप जिंकलीस तर घोडी तुझ्याकडेच राहील. नाही जिंकलीस तर फर्गसकडे पाठवतो. मनाला लावून घेऊ नकोस."

मनाला नाही तर कुठे लावून घेऊ?

ती जन्मली तेव्हा माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं. शिंगरू असताना माझ्या खिशातून गाजरं, रुमाल, एकदा तर घराची किल्ली पळवली, म्हणून त्या चोरट्या पक्ष्याचं नाव ठेवलं. तुझ्याकडे साठ आहेत. माझ्याकडे ही एक आहे, बाकीचे चार म्हणजे खायला काळ नि भुईला भार. हॅनिगनने विचारलं तर तू नाही म्हण. जागा नाही म्हण, वैरण महाग झाली म्हण. आयुष्यात तुझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही, आणि हे मागताना मी किती दातओठ खातेय ते तुला दिसत नाही हे बरंच आहे.

तुझी,
मोरॅग

ता. क. आईला यातलं काही बोलू नकोस.


रिव्हर्टन
ता. ११ मार्च १९९६

चि. फर्गस यास अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू बक्षीस द्यायच्या आधीच निघून गेलास, म्हणून इकडची मजा लिहिते. वेका जिंकली आणि लोकांनी मला गाडीतून उतरूच दिलं नाही. सगळं गाव मैदानात उतरलं होतं. हॅनिगनने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि मग भरात घोडीचेही. क्लाइव्ह म्हणाला, "बघ, ठरावाची गरज नाही, असं जिंकून दाखवायचं असतं!" आई रडली. कप शेकोटीवर ठेवलाय, तुझे फोटो जरा सरकवून. कपात मावेल तेवढी व्हिस्की हॅनिगनने ओतली आणि तो सगळ्यांना सांगत सुटला, की घोडी कुठेही जाणार नाही.

हवा छान होती. मैदान कोरडं होतं.

मी कालपासून तीन वेळा हे पत्र सुरू केलं आणि प्रत्येक वेळी मैदान कोरडं होतं यापाशी येऊन थांबले.

फर्गस, पलीकडच्या सरळ पट्ट्यावर मी तुझ्या काळ्याच्या बरोबरीला आले. तो नेहमीसारखा कठड्याला, मी बाहेरून. त्याची गाडी तुझा ड्यूई हाकत होता. ड्यूईने आजवर पुढची जागा कोणाला दिलेली मी पाहिली नाही, सख्ख्या सासऱ्याला त्याने दिली नव्हती! त्याने माझ्याकडे बघितलं, लगाम मागे घेतला आणि म्हणाला, "जा बाई, हो पुढे."

आणि मी गेले. विचार करायला वेळ नव्हता असं म्हणता येईल, पण तेवढा होता. मी कठडा धरला, वेकाचं जास्तीचं अंतर वाचलं, आणि ती अशी पळाली की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

शेवटच्या पट्ट्यात मी मागे वळून पाहिलं. काळ्याचं तोंड वासलेलं होतं, मान वर ओढलेली. पळायला आसुसलेल्या घोड्याला ड्यूई दोन्ही हातांनी मागे खेचत होता. बाहेरून तुझाच दुसरा घोडा त्याला चिकटून होता, म्हणून स्टँडमधल्यांना वाटलं, बिचारा कोंडला गेला. आम्हाला कोंडायची युक्ती तू या खेपेला स्वतःच्याच घोड्यावर चालवलीस.

तू सांगितलं होतंस ना त्याला? माझं पत्र वाचलंस, हॅनिगनला नाही म्हणणं तुला जमेना, कारण मालकाला नाही म्हणणारी पागा चार दिवसांत ओस पडते. मग म्हणालास, म्हातारीला एक कप देऊन टाकू. रडणाऱ्या पोराच्या हातावर खडीसाखर ठेवतात तसा.

तुला वाटत असेल, मी उपकार मानीन. मी दोन रात्री त्या कपाकडे बघते आहे आणि मला त्यात तुझंच तोंड दिसतं. याआधी तू सगळं जिंकायचास, पण माझं हरणं तरी माझं होतं. हरले तरी रात्री पडल्या पडल्या म्हणता यायचं, तिला आडोसा मिळाला असता तर आम्ही काळ्याला खाल्लं असतं. ते सुख तू काढून घेतलंस. आता ती खरंच जिंकली असती का, हे मला कधीच कळणार नाही.

पंच गुरुवारपर्यंत गावात आहेत. बुधवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे. ड्यूई काय म्हणाला ते सांगणार, आणि मी पुढे गेले तेही. त्याआधी तुला स्वतःहून बोलायचं असेल तर बोल. पत्र आज टपालात टाकते, उद्या मिळेल.

मोरॅग


रिव्हर्टन
ता. २९ मार्च १९९६

चि. फर्गस यास अनेक आशीर्वाद.

तू फोनवर जे बोललास ते आईने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ऐकलं, एवढा तुझा आवाज होता. "अगं वेडे, तुझ्यासाठी केलं! तुझ्यासाठी!" हे तू चार वेळा म्हणालास. मला माहीत आहे रे. दुसऱ्यासाठी केलं असतंस तर इतकं लागलं नसतं.

चौकशीत तू सरळ सांगितलंस, ड्यूईवर ढकललं नाहीस, हे मला आवडलं. त्याची गाडी हिवाळाभर बंद, तुला दंड, काळ्याचा दुसरा नंबर गेला. माझी घोडी मात्र प्रामाणिकपणे पळाली म्हणून कप तिच्याच नावावर राहिला. वाट मुद्दाम दिलेली कळूनही पुढे गेल्याबद्दल मला समज दिली. ती मी उभ्याने ऐकून घेतली.

निकालाच्याच संध्याकाळी हॅनिगन आला. डबा घेऊन.

"म्हणजे ती जिंकली नाही, मोरॅग. फर्गसने जिंकवली," म्हणाला. "हरवायचं आणि जिंकवायचं दोन्ही त्याच्या हातात असेल, तर घोडी त्याच्याकडेच असलेली बरी." त्याचं काय चुकलं? मीच सभेत उभी राहून हेच तर ओरडत होते. परवा तुझा ट्रक येतोय. तुला आधीच कळलं असेल.

गावात दोन तट आहेत. अर्धे म्हणतात, मोरॅग सरळ बाई, सख्ख्या भावालाही सोडलं नाही. जेसीने तर मला मिठी मारली. उरलेले म्हणतात, एवढी जळकी की भावाने तोंडात घातलेला घाससुद्धा थुंकला. आई दुसऱ्या तटात आहे. माझ्याशी फक्त चहाला साखर किती एवढंच बोलते, आणि तेही तिला पन्नास वर्षं माहीत आहे.

खरं तुला सांगते, आईचा तट बरोबर आहे. मी काही न्यायासाठी गेले नव्हते. ठरावाच्या वेळी न्याय, न्याय म्हणत होते, तेव्हाही पोटात जळतच होतं. तुझा विजय माझ्या घरात शेकोटीवर बसलाय हे मला बघवेना, म्हणून गेले. पण पंचांच्या दारात उभी राहिले तेव्हा ध्यानात आलं, की जळण्यातून निघालेलं खरं हेही खरंच असतं. ठराव पुढच्या महिन्यात मताला येतोय. क्लाइव्ह म्हणतो, आता पास होईल. मी हात वर करणार आहे.

वेकाबद्दल काही लिहिणार नव्हते. तुला घोड्यातलं कळतं. एवढंच, की तिला गरम तलावात घालण्याआधी एकदा तुमच्याकडच्या न्यूब्रायटनच्या किनाऱ्यावर ने. तिला लाटांचा आवाज नसला की ती खात नाही. आज सकाळी मी तिला शेवटची किनाऱ्यावर पळवली. तू म्हणशील म्हातारी हळवी झाली, पण मी मोठ्याने रडले आणि ती माझी बाही चावत उभी राहिली.

आता मागणं. पहिल्या पत्रातल्यासारखं नाही. पुढच्या हंगामात मी त्या चार भुईभारांतला एक घेऊन तुझ्यासमोर येणार आहे. तो वेकाच्या पासंगालाही पुरायचा नाही. तू वेकाला उतरव. नियमात बसतील तितके घोडे उतरव, मला कठड्याला कोंड, वाऱ्यावर टाक, पार मागे सोड. तिच्या लगामावर ज्याचा हात असेल त्याला सांग, पुढे मोरॅग आहे हे विसर. माझ्याच हाताने वाढवलेली घोडी मला धूळ चारील, आणि ते मी बघेन. जळेन, पण बघेन. फक्त मला पुन्हा कधी जिंकू देऊ नकोस.

तुझ्यावर जळणारी, आणि म्हणूनच तुझीच,
थोरली
मोरॅग