गव्हाबरोबर वाळत घातलेलं

८ एप्रिल २०२५, पारोळा
जे माझं कधीच नव्हतं ते काढून टाकलं, मग डावीकडे अजून जड काय लागतंय? मला सांगता येत नाही.

टाके बरे आहेत. सकाळी बोटांचे सांधे कमी आखडले. फणीत केस थोडेच आले! डॉक्टर म्हणाले होते, "सगळं त्या सिलिकॉनमुळेच झालं असं मी लिहून देणार नाही. पण बरं वाटेल." वाटतंय.

९ एप्रिल
आई विचारत होती, "ते कोठे शे?" कपाटात आहे, पांढऱ्या डब्यात. जळगावच्या दवाखान्यातून मी मागून आणलं. मला दोन वर्षं आतून बिघडवणारी वस्तू एकदा नीट बघायची होती. बघितली. आरपार दिसणारी, गोल, पुरीएवढी. दाबली की हळूहळू परत वर येते.

माझी डावी छाती वयात आल्यावरही भरली नव्हती. बी.एस्सी. झाले — घरातली पहिली पदवी! — आणि त्याच उन्हाळ्यात आई मला ते बसवायला सुरतला घेऊन गेली. स्थळं येऊ लागली होती ना.

११ एप्रिल
डबा कपाटात नाही.
आई म्हणे, "उंदरं लई गयात व्हतीन." आणि हसली. सिलिकॉन नेणारे उंदीर!

१२ एप्रिल
टोचतंय. टाक्यांत नाही. जिथे आता काहीच नाही, तिथे. दाण्यांवर पालथं झोपल्यासारखं. मधूनच कडुलिंबाचा वास येतो.

दवाखान्यात फोन केला. ज्योती सिस्टर म्हणाल्या, "नसा जुळतात, ताई. होतं असं." नसांना वास येतो का, हे विचारायचं राहिलं.

१५ एप्रिल
दुपारी कूलरसमोर पडले होते. अचानक डावीकडे चटका. हात लावला तर कातडी थंड — आणि तरी भाजतंय! उठून गच्चीवर गेले. का गेले, माहीत नाही.

आईने वर्षाचे गहू उन्हात घातले होते, जुन्या लुगड्यावर. मधोमध ते. डब्याविना. आई त्याला दोन बोटांनी उलटवत होती — पापड उलटवावा तसं.

"आई!"

"वरडू नको. कोठीमा, गहूमा ठेयेल व्हतं, लिंबना पाला घालीसन. दमट लागनं, म्हनीसन ऊन दाखाडी ऱ्हायनू."

"पण कशाला?"

"लगीनना येळले परत बसाडता येई ना! नवं कशाले? पिंपळनेरवाला रविवारले तुले देखाले ई ऱ्हायनात."

ते परत बसवता येत नाही, हे सांगितलं. आणि नवंही मी बसवणार नाही, हेही सांगितलं. सांधे, ताप, केस, सगळं परत मोजून दाखवलं. आई म्हणाली, "शिकी गयी ना तू." मग ते उचललं, पदराखाली छातीशी धरलं आणि जिना उतरली. तान्हं मूल न्यावं तशी.

तिने छातीशी धरलं आणि माझं भाजणं थांबलं. मी विज्ञान शिकले आहे, असलं काही लिहायला नको. पण थांबलं!

१६ एप्रिल
आज टोचत नाही. अजिबात नाही.
आई डावा खांदा चोळत होती. म्हणे, "पोतं उचलं ना काल." पोती तर भावाने उचलली.

१७ एप्रिल
आई सुरतच्या डॉक्टरचा नंबर शोधते आहे. मला विचारलं नाही.

१९ एप्रिल
काल आई बाजारात गेली तेव्हा कोठीत कोपरापर्यंत हात घातला. तळाशी होतं. कोमट. तसंच पिशवीत घालून बसने जळगावला गेले आणि ज्योती सिस्टरच्या हातात दिलं. "कचऱ्याची गाडी उद्या दुपारी येते, ताई. जाळायला नेतात." आईला सांगितलेलं नाही.

आता दुपार. मला काहीच होत नाही. हलकं वाटतंय, गार.

आई हाक मारते आहे. चुलीपासून लांब, दाराशी, डाव्या छातीवर हात दाबून उभी आहे.

"पानी आन व माय. माले आठे भाजी ऱ्हायनं."