ऑरेंज हा शब्द आणि बाबांची झाडं

अमरावती
२५ नोव्हेंबर २०२४

ती. कौशल्याताईस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

शाळेच्या होस्टेलच्या मागच्या पायरीवर आपण दोघी बाबांनी पाठवलेली संत्री सोलत बसलो होतो, तेव्हा सिस्टर ॲग्नेसनी विचारलं होतं, ऑरेंज हे नाव आधी रंगाचं की फळाचं? तू ठामपणे रंगाचं म्हणालीस. मी नेहमीसारखी मान डोलावली. सिस्टर शोधा म्हणाल्या, आपण काही शोधलं नाही. परवा माझ्या नातीनं, आकांक्षानं, नेमकं हेच विचारलं. तुझ्याकडे जाड डिक्शनरी आहे, बघून कळव. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू मनानं भरतेस, म्हणून पत्र.

दुसरं म्हणजे, आपला खुशालदादा शेंदूरजनाघाटहून आला होता. बाबांनी स्वतः कलमं केलेली शेवटची झाडं आता तो काढणार. फळ धरत नाहीत म्हणे. मी रडले, तर म्हणाला की तुले बाबा आठोतेत, मले वाळल्या फांद्या दिसतेत. शेवटी एवढं कबूल केलं, की त्या झाडांच्या फांद्यांवरचे कोंब, म्हणजे डोळे, नव्या रोपांवर भरू. फांद्या मात्र मीच निवडायच्या. रविवारी जातेय.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी पौर्णिमा

अकोला
२९ नोव्हेंबर

चि. पौर्णिमा हिस अनेक आशीर्वाद.

मी हरले. फळच आधी! शब्द मूळचा आपल्याकडचा, नारंग. व्यापाऱ्यांच्या संगतीनं इराणात गेला, मग अरबांकडे, स्पेन-फ्रान्स करत इंग्लंडात पोचला. रंगाला ते नाव मिळायला पुढं आणखी काळ गेला. तोवर इंग्रज पिवळा-लाल म्हणून भागवत. त्यांच्या रॉबिन पक्ष्याची छाती नारिंगी, पण नावात लाल, ते यामुळेच. शब्द नव्हता तेव्हा तो रंग त्यांना कसा दिसत असेल गं? दोन दिवस माझ्या डोक्यातून हे जात नाहीये.

आता झाडांचं. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलंय, तेव्हा ऐक. संत्र्याचं झाड बुडाशी जंभेरीचं असतं, त्या आंबट लिंबाचं. बाबा जंभेरीच्या रोपाची साल चिरून त्यात संत्र्याचा डोळा बसवायचे, आठवतं ना? जुन्या झाडाच्या बुडातून जंभेरीचे फुटवे निघतात, हिरवेगार, काटेरी. त्यांना भुलू नकोस. जोडाच्या वरचीच फांदी घे, नाहीतर बाबांची आठवण म्हणून लिंबं जोपासशील.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.
तुझी ताई

अमरावती
४ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. मी रविवारीच जाऊन आले होते, आणि भुलले गं! सगळ्यात टवटवीत, सरळ फांद्या निवडून त्यांना आकांक्षाच्या रिबिनी बांधल्या. काट्यांनी पदर फाटला, तर मला वाटलं झाड सोडत नाहीये. पत्र वाचलं तेव्हा कळलं, ती सगळी जंभेरी होती. दादा सोमवारी डोळे भरून लगेच झाडं काढणार होता.

घाबरत फोन केला. तो म्हणाला, काहून रडून राहिली बाई, तू जंभेरीले सजवून गेली म्हणून मजूर बाया अजून हासून राहिल्या. रिबिनी त्यानं त्याच संध्याकाळी सोडून वरच्या फांद्यांना बांधल्या होत्या. मग वहिनीनं फोन ओढून सांगितलं, की झाड पाडायच्या आधी हा प्रत्येक बुंध्याला हात लावून उभा राहत होता. मजूर खोळंबले, तरी हलेना.

झाडं गेली, ताई. डोळे धरतात की नाही, बघायचं.

आठवण ठेवणारी,
पौर्णिमा

अकोला
१९ जुलै २०२५

चि. पौर्णिमास आशीर्वाद.

बरेच डोळे वाळले, थोडे धरले, असं खुशालनं कळवलंय. रोपं कोणाची, हे मोठी म्हणून मीच ठरवते. वाद नको.

दोन खुशालच्या वावरात, पण जुन्या जागी नाही. त्या मातीला विसावा हवा. एक तुझ्या अंगणात, भिंतीपासून लांब, उन्हात. एक आकांक्षाला, पाणी तिनंच घालायचं, तू नाही. माझ्या गॅलरीत संत्रं जगायचं नाही, म्हणून माझं रोप विपुलच्या दर्यापूरच्या शेतात. आपला भाचाच आहे, मामा-मावशीचं ऐकेल. काळ्या मातीत पाणी साचतं, उंचवटा करूनच लाव म्हणावं.

आणि ते एक वाकडं, अशक्त रोप आहे ना, ते वहिनीला दे. खुशालला हात लावू देऊ नकोस, वाळकं म्हणून उपटेल आणि मग तिथंच उभा राहील.

तुझी ताई