चोळी-बांगडीचे पाच गुंठे

बोरवाडी (दिंद्रुडजवळ),
१४ नोव्हेंबर १९८६

ती. गं. भा. तुळजाआक्कांस,
जानकीचा सा. न. वि. वि.

"काटेच उगवू द्या माझ्या जागेत, निदान आठवण तरी टोचत राहील," असं बारा वर्षांपूर्वी आमच्या ओसरीवरून उतरताना तुम्ही म्हणाला होतात. नागपंचमीचा दिवस होता, पुरणाचं ताट वाढलेलं होतं आणि तुम्ही न जेवता एस.टी. गाठलीत. तर कळवायचं असं, की काट्यांनी तुमचा शब्द पाळला. वेडी बाभूळ पुरुषभर वाढली, तिच्याखाली गाजरगवत, आणि त्याखाली काय काय नांदत होतं ते लिहिलं तर तुमची झोप उडेल.

'नांदत होतं' असं मी लिहिलं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. आक्का, मी ती जागा साफ केली. आधी केली आणि आता विचारतेय. आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.

कारण सांगते. यंदाही पाऊस रुसला. दिंद्रुडच्या बाजारात भाजी म्हणून जे मिळतं ते भाजीचं भूत असतं. आमच्या ताटात भाकरी आणि ठेचा, ठेचा आणि भाकरी. तुमची जागा दूध सोसायटीच्या पाठीमागे. रोज सकाळी कॅन धुतले की ते पाणी मोरीतून थेट तुमच्या बाभळीला. कॅन धुणारी भामाबाई एकदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, की बाई, आपण काट्याला दूध पाजायलोत. ते माझ्या मनातून गेलं नाही. ती आणि मी मिळून कुऱ्हाड घेतली. अर्धी भाजी तिची, असं ठरलंय.

तुमचे बंधू, म्हणजे आमचे चेअरमन, यांचं म्हणणं तुम्हाला ठाऊकच आहे. आबांनी ते पाच गुंठे लेकीला चोळी-बांगडीला दिले. त्यात जो पिकवील त्यानं दरसाल पंचमीला लेकीला चोळी द्यायची आणि माहेरच्या ओसरीवर तिच्या हातात बांगड्या भरायच्या. म्हणून यांनी बारा वर्षं तिथं गवताची काडीही मोडली नाही. हिशेब असा, की पिकवलं तर बांगडी भरावी लागेल, बांगडी भरायची तर तिला आणावं लागेल, आणि आणायचं तर आधी बोलावं लागेल. त्यापेक्षा काटे बरे.

मी मात्र वांगी, मिरची आणि गवार लावतेय. पंचमी आहे लांब. तोवर भांडायला वेळ भरपूर.

लोभ आहेच, आता त्याला थोडं पाणी घालावं.

तुमची,
जानकी

~

कडा,
२ डिसेंबर १९८६

चि. सौ. जानकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पहिली गोष्ट, माझ्या नावापुढं गं. भा. लिहीत जाऊ नकोस. गंगा आणि भागीरथी, दोन-दोन नद्या मला लावून देतेस आणि इथं टँकरची वाट बघून मान अवघडली. नुसतं आक्का लिही.

दुसरी गोष्ट, विचारायचं होतं तर आधी विचारायचं. केल्यावर विचारणं म्हणजे लग्न लागल्यावर मुलगी पसंत आहे का म्हणण्यासारखं.  पण ते असो.

तिसरी आणि खरी. तू बांगडीचा धाक कुणाला घालतेस? माझ्या कौशल्याचे वडील जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या मातीला तुझा नवरा आला, भिंतीला टेकून बसला आणि न बोलता परत गेला. त्या दिवशी माझे हात मोकळे झाले. ज्या हातात बांगडी भरायचीच नाही, त्याच्या चोळी-बांगडीची जागा कसली? तो हक्क संपला. वांगी लाव, गाढवं बांध, नाहीतर चेअरमनचा पुतळा उभा कर, मला काही विचारू नकोस. मी येणार नाही. आणि पुतळा केलास तर तोंड मिटलेला कर. तेवढंच गावाला सुख.

त्यानं माझ्या कौशल्याच्या लग्नात, व्याह्यांच्या पंगतीत, वांग्याची भाजी कमी पडली असं मोठ्यानं म्हटलं होतं, भांडण तिथूनच. तू आता वांगीच लावावीस, यालाही अक्कल लागते.

रोपांच्या पानांवर चुलीची राख पहाटे दव असताना टाक, दुपारी टाकून उपयोग नाही. आणि सोड्यानं कॅन धुतलेलं पाणी झाडांना देऊ नका, पहिलं धुणं तेवढं घ्या. हे मी सांगितलं म्हणून तिकडं कुणाला सांगू नकोस.

तो अजून जेवताना कच्ची मिरची खातो का? पित्त वाढतं त्यानं.

आशीर्वाद आहेतच, मागितले नाहीस तरी.

तुझी,
आक्का

~

बोरवाडी,
२० फेब्रुवारी १९८७

ती. आक्कांस,
सा. न. वि. वि.

दोन्ही नद्या काढून टाकल्या आहेत, बघा.

कच्ची मिरची खातात, आणि तुमच्या जागेतली खातात. पण जागेत पाय टाकत नाहीत. रोज सकाळी सोसायटीचं काम आटोपलं की बांधावर येऊन उभे राहतात, धोतराचा सोगा हातात धरून, आणि तिथून मला शेती शिकवतात. आळी खोल करा, गवारीला काठी द्या, ती मांजर हाकला. धुतल्या पाण्याला दुधाचा वास असतो ना, त्यामुळे गावातली सगळी मांजरं आमच्या वांग्यांत मुक्कामाला आहेत. उंदीर मात्र औषधालाही उरला नाही. भामाबाई म्हणते, की साहेब, आत येऊन दाखवा. तर म्हणाले, जागा माझी न्हाई. तिनं विचारलं, मग शिकवायलात कावून? त्यावर यांना एकदम मिटिंग आठवली.

पण मागच्या सोमवारी हरिबाची शेळी शिरली. हरिबा म्हणजे सोसायटीतला आमच्या विरुद्ध पार्टीचा डायरेक्टर. त्याची शेळीही विरुद्ध पार्टीची. नेमकी पहिल्या तोडणीच्या वांग्यांना तोंड लावलं. मी होते विहिरीकडं. यांनी बांधावरून हाड-हुड केलं, तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाऊ लागली. मग काय झालं ते भामाबाईनं पाहिलं. चेअरमन चप्पल टाकून आत धावले, आणि बुडखा राहिलेल्या बाभळीचा काटा टाचेत आरपार. शेळी गेली, काटा राहिला. तो मी सुईनं काढला. काढताना तोंडातून तुमचं नाव निघालं, आधी एक शिवी आणि मग नाव. बारा वर्षांत पहिल्यांदा, म्हणून शिवीसकट कळवते.

खरं तर पुढचं सांगायला बसले होते. हरिबानं मिटिंगमध्ये विषय काढला, की चेअरमनची बायको सोसायटीच्या पाण्यावर मळा पिकवती, ते पाणी माझ्या म्हशीला पाहिजे. पाणी बंद होणार असं सगळ्यांनी धरलं, मीही धरलं. मोरी वळवली असती तर चार दिवसांत मळा वाळला असता. भामाबाई दाराशी कॅन घासत होती, तिनं ऐकलेलं लिहिते. हे लंगडत उभे राहिले आणि म्हणाले, की ती जागा ना माझी ना माझ्या बायकोची, ती माझ्या थोरल्या बहिणीची हाय. मोरीचं पाणी उतारानं जिच्या जागेत जातं ते तिचं. म्हशीला पाहिजे असंल तर कड्याला जाऊन तिला विचार, आणि जाताना डोक्याला फेटा बांध, ती लाटणं फेकून मारती.

सगळे हसले आणि पाणी राहिलं. आता दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाच्या पदरात भामाबाई मूठभर गवार टाकते. सगळ्यात मोठी वांगी हरिबानं नेली.

तुमचा वाटा कड्यावरून जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे दिला आहे, स्टँडवरून उतरवून घ्या. चोळीचं माप मात्र कळवा. बारा वर्षांत तुम्ही बारीक झाला असाल असं हे म्हणतात, मी म्हणते नसाल.

प्रेम असू द्यावं, लाटणं ठेवून.

तुमची,
जानकी

~

कडा,
९ मार्च १९८७

चि. सौ. जानकीस,
अनेक आशीर्वाद.

टोचला ना? बरं झालं. हळद भरलीस ना पण? जुन्या काट्यानं टाच पिकते.

वांगी पोचली. वरची कंडक्टरनं चाचपून मऊ केली होती, खालची चांगली होती. काळ्या मसाल्यात केली. मुलगा कारखान्यातून आला, चार भाकरी खाल्ल्या आणि मग विचारलं, की आई, हे कुठलं वाण? मी म्हटलं, तुझ्या आजोबाचं. मग मी थोडा वेळ चुलीपुढंच बसले. ओलं सरपण फार धूर करतं.

मी लाटणं एकदाच फेकलं होतं, आणि तेव्हा तो आठ वर्षांचा होता. तेही लागलं नव्हतं. मिटिंगमध्ये खोटं बोलायचं नाही म्हणावं.

चोळी पाठवू नकोस. नुसती चोळी घेतली आणि बांगडी नाही, तर ती चोळी नाही, ते कापड. कापड मला इथंही मिळतं. येणार नाही म्हटलं ते म्हटलं. मोकळ्या हातानं माहेरी यायचं आणि ओसरीवर बसून दुसऱ्या बायकांना बांगड्या भरताना बघायचं, एवढी मी देवमाणूस नाही.

भेंडी पण लाव. त्याला आवडते.

आक्का

~

बोरवाडी,
८ जुलै १९८७

ती. आक्कांस,
सा. न. वि. वि.

भेंडी लावली. उन्हाळ्यात पाण्याची ओढ होती, गवार गेली, वांगी तगली. राख पहाटे टाकते. कुणी सांगितलं ते कुणाला सांगितलं नाही, पण यांनी ओळखलं. म्हणाले, असली अक्कल आमच्या आईची आणि तिची, तुझी न्हाई.

तुमचं मार्चचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. रागावू नका. लाटण्याचा मजकूर वाचला तेव्हा हसले. ओसरीवर बसून बघायचं, तिथं आले तेव्हा उठून बाहेर गेले. मी हाक मारली तर ऐकू आलं नाही असं दाखवलं.

परवा आमची कासारीण कौशल्याबाई आली होती. हो, तुमच्या लेकीच्या नावाची. तिला मी भीतभीतच विचारलं, की एखादीचा नवरा नसेल तर तू तिच्या हातात बांगडी भरशील का? टोपली खाली ठेवून ती म्हणाली, की मी हाताचं माप बघती, नवऱ्याचं न्हाई. माझ्या काचेला काय कळतंय. मग इकडंतिकडं पाहून म्हणाली, गाव बोलंल मात्र. मी म्हटलं, गाव आमची वांगी खातंय, तोंड भरलेलं असल्यावर किती बोलेल?

तरी आक्का, मी तुम्हाला भरीला घालणार नाही. हात तुमचा आहे. खाली जागा सोडतेय, यांना चार ओळी लिहायच्या आहेत. सकाळपासून तीनदा पेन झटकून झालं.

तुमची,
जानकी

आक्का,
बांगडी आबांनी लेकीला दिली. धुळाजीराव दाजींच्या बायकोला दिली न्हवती. ते गेले म्हणून तू लेक असायची राहिली का? मी तुझ्या जागेतलं खाल्लंय, काटा पण खाल्लाय. कासारणीला पंचमीचं सांगितलंय. गाडीला मी येतो.
राधाकिशन

~

कडा,
१९ जुलै १९८७

चि. सौ. जानकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

त्याचं अक्षर अजून तसंच, कोंबडीनं उकरल्यासारखं. चार ओळींना मला सारी दुपार लागली.

तुला एक सांगते, कुणाला बोलले नाही. तीन वर्षं झाली, भाकरी थापताना माझ्या हाताचा आवाज येत नाही. पहिले काही महिने तर वाटायचं, माझ्या परातीत दुसरंच कुणीतरी थापतंय. मी तुझ्या नवऱ्याला शिव्या देत होते तेही थोडं त्यासाठीच, घरात कसला तरी आवाज हवा म्हणून.

येते मी. मुलाला सांगितलं. त्यानं बायकोला काय म्हणतेस म्हणून विचारलं, सून म्हणाली, काय म्हणायचंय, माझ्यासाठी पण आणा. कासारणीला सांग, हिरव्या नकोत. हिरव्या भरल्या तर कौशल्याचे वडील वरून विचारतील, आता कुणासाठी म्हणून. जांभळ्या काढून ठेव, वांग्याच्या रंगाच्या. ज्या बायकांना बोलायचं असेल त्यांना ओसरीवर पुढं बसव, म्हणजे नीट दिसेल. भामाबाईला माझ्या शेजारी बसव. तिच्याही हातात भरू, जागा माझी आहे, मी सांगेन तसं.

चोळीचं माप कळवत नाही. तू बरोबर होतीस.

माया आहे ती मोरीच्या पाण्यासारखी उताराला येत राहो.

तुझी,
आक्का

ता. क. राधाकिशनला एक विचार. त्यानं त्या दिवशी सोसायटीच्या ओट्यावर उभं राहून, हरिबा ऐकेल इतक्या मोठ्यानं, एवढंच म्हणावं, की कौशल्याच्या लग्नात वांग्याची भाजी पुरली होती. खरंच पुरली होती की नाही ते देवाला आणि आचाऱ्याला ठाऊक. तो म्हणायचा नाही, मी त्याला पाळण्यात पाहिलंय. तरी तू विचारून बघ.