कळवणच्या बायकांना रस नाही

आई, आज ऑफिसात साहेबांसमोर उभा होतो आणि मला तुझी थप्पड आठवली. मी दुसरीत असेन. दोरीवर तुझं ओलं लुगडं वेडंवाकडं पडलेलं दिसलं म्हणून मी ते काढून नीट घडी घालायला घेतलं. त्याखाली तुझ्या पाळीची फडकी वाळत होती आणि ओट्यावर काका चहा पीत बसले होते. तू एक शब्द न बोलता मारलंस आणि लुगडं परत तसंच टाकलंस. चूक माझी नव्हती, तुझीही नव्हती. उन्हात वाळायला हवं ते तुला झाकून वाळवावं लागत होतं, याचा राग मला आत्ता येतो आहे.

मी नाशिकला एका कंपनीत लागलोय. बायकांना घरबसल्या पॅड मागवता यावेत म्हणून ते ॲप बनवतात. तिथल्या मॅडम गावोगाव जाऊन बायकांना काय अडतं ते विचारतात, मी मागे बसून लिहून घेतो. नववीपर्यंतच शिकलोय, पण शुद्ध लिहितो म्हणून घेतलं. मागच्या आठवड्यात कळवणजवळच्या एका गावात समाजमंदिरात बायका जमल्या. मॅडमनी दाखवलं, इथे बोट लावा, ओटीपी टाका, झालं. मग कांद्याच्या खळ्यावरून तशीच आलेली एक मावशी म्हणाली, "बाई, फोन तं मालकाच्या खिशात हाय. ते गेले लिलावाला. तो नंबर काय ते चारचौघांत वाचून मला फोनवर सांगतील?" "कोणत्या फोनवर गं?" शेजारची म्हणाली, आणि सगळ्याजणी खो खो हसल्या. मग ती मावशी माझ्याकडे वळली, "लिही रं दादा, लाजू नको. गोळ्या-औषधं देणाऱ्या आमच्या आशाताईकडं पॅड ठेवा म्हणावं, आम्ही तिथनं नेऊ." मी शब्दन्‌शब्द लिहिला.

आज अहवाल आला. "कळवण तालुका: महिलांना रस नाही, जागृतीची गरज." तालुकाच यादीतून काढून टाकला, म्हणजे त्या गावात आता काहीही जाणार नाही. मी म्हणालो, "साहेब, जागृती कोणाची करायची?" साहेब म्हणाले, "डाउनलोड किती झाले? एकही नाही. तू लिहायचं काम कर, अर्थ आम्ही काढतो." मॅडम लॅपटॉपमध्ये बघत राहिल्या. ज्यांच्या हातात फोनच नाही त्यांनी ॲप घेतलं नाही, म्हणून त्यांना रस नाही! हसत हसत त्यांनी उपाय सांगितला होता, तो अहवालात एका ओळीतसुद्धा नाही. लिहून घेणारा म्हणून अहवालावर माझी सही लागत होती, ती न करताच मी निघून आलो. उद्या कामावर ठेवतात की नाही, माहीत नाही.

घरी आलो तेव्हा तुझी सून भाकरी थापत होती. मी तावातावाने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलं सही नाही केली ते," आणि तव्याकडे वळली. तेव्हा मला तिला विचारायचं होतं, की तू काय वापरतेस, कुठून आणतेस. लग्नाला तीन वर्षं झाली. गावोगावच्या बायकांची उत्तरं मी लिहून घेतली, पण घरात तोंड उघडलं नाही. आई, आमच्याकडेही फोन एकच आहे, आणि तो आत्ता माझ्या खिशात आहे.