आठ दिवस खिशात

सोमवार, ४

एकदाचे पोचलो! कपाट दुसऱ्या मजल्यावर चढवताना ट्रकवाल्याने माझी एकही सूचना ऐकली नाही, तरी आरसा शाबूत आहे. म्हणजे सूचनांची गरज नव्हती, असं टकळीचं मत. टकळी ही माझी मुलगी. वय वर्षं सात, तोंडाला विश्रांती नाही, म्हणून हे नाव. तिची आई नर्स आहे. तिची बदली व्हायला अजून महिना लागेल, तोवर इथे बाप-लेकीचं राज्य.

वर दोन खोल्या आणि गॅलरी, खाली दुकान. कामावर जायचं म्हणजे सत्तावीस पायऱ्या उतरायच्या. घड्याळं, पेनं आणि लायटर, अशी तीन प्रकारची दुरुस्ती. घड्याळं मालक स्वतः बघतात, उरलेलं माझ्याकडे. मालक गोड माणूस, तपकिरीची डबी सतत हातात. मागचा मिस्त्री कसा होता विचारलं, तर म्हणाले, हात सोन्याचा, पण एक दिवस न सांगता निघून गेला. वर गंमत अशी, की तो गेल्यावर कुणी एक वेडा रोज दुकानात यायचा, त्याच्या खुर्चीत बसायचा आणि मीच तुमचा मिस्त्री म्हणून रडायचा. शेवटी चौघांनी उचलून बाहेर काढला. सांगताना मालकांनी त्याची नक्कल केली. मी पोट धरून हसलो.

मंगळवार, ५

मिस्त्रीचा ड्रॉवर साफ केला. तळाशी एक लायटर सापडला. पितळी, पुन्हा भरता येण्याजोगा, कोपरे हाताळून गुळगुळीत झालेले. दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर फक्त ‘तयार’. गिऱ्हाइकाचं नाव नाही. मालकांनाही काही आठवेना. म्हणाले, बघा चालतो का.

आमच्या धंद्यात दुरुस्त केलेला लायटर लगेच देत नाहीत. आठ दिवस खिशात वागवायचा आणि रोज सकाळी वीसदा पेटवायचा. अंगाच्या उबेने पेट्रोल लवकर उडतं, झाकणाची फट असली तर तिथेच कळते. खिशात टिकला तो कुठेही टिकला. मी पुष्कळ लायटर असे मांडीशी वागवलेत. पहिल्या वर्षी एक जास्त भरला होता, तर कातडी भाजून चांगला फोड आला होता. तेव्हापासून अक्कल आली.

टकळी शाळेतून आल्यावर तिला सगळं दाखवलं. आतला भाग वर ओढायचा, खालचा नमदा, म्हणजे लोकरीची जाड चकती, उचलायची, कापसावर थेंबथेंब पेट्रोल सोडायचं, पुसायचं, दोन मिनिटं थांबायचं. चाकातली काजळी जुन्या टूथब्रशने काढायची. तिने विचारलं, नाही पेटवला तर पेट्रोल कायम राहील ना? मी म्हणालो, नाही बाई, झाकण लावून नुसता ठेवला तरी आठवड्यात सुकतो. तिला हे फार अन्यायाचं वाटलं.

या लायटरने मात्र पेट्रोल घेतलंच नाही. पहिलाच थेंब बाहेर आला. म्हणजे आधीच काठोकाठ भरलेला. इतके दिवस ड्रॉवरमध्ये पडून? मालकांनीच कधी भरला असेल आणि विसरले असतील. तसाच खिशात टाकला.

शुक्रवार, ८

पहिल्या फटक्याला पेटतो. ज्योत सरळ, पिवळी, वाऱ्यालाही जुमानत नाही. पेट्रोलचा वास मात्र अजिबात नाही. आज पेटवला तर चक्क ताज्या पावाचा वास आला. समोर बेकरी आहे, तिचाच असणार.

बेकरीतल्या मावशींनी पहिल्याच दिवशी टकळीला मानसकन्या करून टाकलं होतं, मलाही ऊठसूट दादा, दादा. आज पाव आणायला गेलो तर मला विचारतात, नवीन आलात का इथे? म्हटलं, मावशी, मी टकळीचा बाबा. त्यावर म्हणाल्या, टकळीचे बाबा मला माहीत आहेत. आणि मला सुट्टे देऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. वय झालं की असं होतं म्हणायचं. पण वय काही फार दिसत नाही त्यांचं.

रविवार, १०

सकाळी लायटर पेटवला आणि ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरवल्याचा वास आला. ताईची आठवण झाली. ती शिवणकाम करते, तिच्या घरात कायम हाच वास. म्हणून लगेच तिला फोन लावला.

तिने विचारलं, कोण बोलतंय? मी चेष्टा केली. ती हसली नाही. म्हणाली, फोन माझ्या भावाचा आहे, आवाज त्याचा नाही, त्याला द्या. मी आमच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायला लागलो, तिच्या लग्नात मी रुसून गच्चीवर जाऊन बसलो होतो तेही सांगितलं. ती घाबरली. हे तुम्हाला कुणी सांगितलं, म्हणाली आणि फोन ठेवला. जिने मला कडेवर घेऊन वाढवलं, तिने मला ‘तुम्ही’ म्हटलं. जेवण गेलं नाही.

सोमवार, ११

रात्रभर एकच विचार. पाव आणि मावशी. इस्त्री आणि ताई.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण यंत्रावर ठेवतो, आणि यंत्र काही ना काही जाळल्याशिवाय चालत नाही. टेबलावर लायटर उघडला. कापूस बोटांनी दाबून पाहिला. कोरडा ठणठणीत. तरी पेट्रोलचा थेंब टाकला तर घेत नाही. तो भरलेला आहे. कशाने, ते लिहायला हात धजत नाही.

आता पेटवायचा नाही. पत्र्याच्या डबीत घातला, डबी ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप. बस.

मंगळवार, १२

सकाळी खुर्चीत बसलो तर बंद ड्रॉवरमधून तपकिरीचा वास येत होता. मालक अजून आलेच नव्हते.

दहा मिनिटांनी आले. मला बघून दारातच थांबले. विचारलं, आमचे मिस्त्री कुठे आहेत? म्हटलं, मालक, मीच. त्यांच्या चेहऱ्यावर आधी कंटाळा आला, मग भीती. म्हणाले, पुन्हा तेच? मागच्या वेळी तो, आता तू? शेजारच्या दुकानांतली माणसं हाकेला धावली. एकाने दंडाला धरलं.

रडायला आलं. आवरलं, कारण त्याच क्षणी मला त्या वेड्याची गोष्ट आठवली.

तो वेडा नव्हता.

दंड सोडवून घेतला, ड्रॉवर उघडून डबी तेवढी उचलली आणि जिन्याने वर पळालो. टकळीने दाराआडून, आत माझा बाबाच आहे, म्हणून सांगितलं, तेव्हा मागे आलेली माणसं परत गेली. ती तिथे कशी ठेवणार होतो? झाकण लावून नुसता ठेवला तरी सुकतो. मीच सांगितलं होतं. पेटवण्या न पेटवण्याचा प्रश्नच नाही. आतली माझी माणसं एकेक उडून जाताहेत.

बुधवार, १३

मेण वितळवून झाकणाची फट बुजवली. वर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली. इतकं चांगलं काम मी गिऱ्हाइकासाठीही कधी केलं नसेल.

दुपारी वास आला. हॉस्पिटलच्या साबणाचा. टकळीची आई ड्यूटीवरून आली की तिच्या मनगटांना येतो तो. डबी दोन्ही हातांत घट्ट दाबून धरली. जणू दाबून काही होणार होतं.

संध्याकाळी तिचा फोन. घ्यावा की नाही, रिंग संपत आली. घेतला. टकळीच्याच हातात दिला. पण ती टकळी. बाबा इथेच आहे, म्हणाली आणि फोन माझ्या कानाला लावला. मी फक्त, बोल ना, एवढंच म्हणालो.

ती किंचाळली. माझा नवरा कुठे आहे, माझ्या मुलीजवळ तुम्ही कोण आहात, तिला हात लावलात तर — नऊ वर्षांचा संसार. मी तिला किती नावांनी हाका मारल्या. ती पोलिसांना घेऊन येते म्हणाली. उद्या संध्याकाळपर्यंत पोचेल.

टकळीने विचारलं, आई का ओरडली? मी म्हणालो, रेंज नव्हती.

गुरुवार, १४

आता एकच माणूस उरलंय.

फेकून द्यावा? जिथे पडेल तिथे सुकेल, आणि मला कळणारही नाही. कापूस काढून जाळला तर एका झटक्यात सगळं जाईल. थंडीत पेट्रोल हळू उडतं, म्हणून पहाटेच फ्रीजमध्ये ठेवला. बर्फाच्या कप्प्यात. वर टॉवेल.

आज टकळीला शाळेत पाठवलं नाही. समोर बसवून ठेवलं. माझ्याकडे बघत राहा म्हणालो. तिला खेळ वाटला. न पापणी लवता बघत होती, मध्येच हसत होती. तिची जन्मल्यापासूनची सगळी गोष्ट सांगितली. दात पडला ते. सायकलवरून आपटली ते. मी रडलो ते.

दहा वाजता ती पाणी घ्यायला उठली. फ्रीज उघडला आणि म्हणाली, बाबा, याला माझ्या कंपासपेटीचा वास येतोय.

पेन्सिलीच्या सालींचा. खोडरबराचा.

फ्रीज बंद केला. दार पाठीने दाबून उभा राहिलो. तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, तू थरथरतोयस. ‘तू’ म्हणाली. ‘तू’ म्हणाली. लिहून ठेवतो.

गुरुवार, दुपारी

बडबड थांबली.

कोपऱ्यात बसली आहे. गुडघे पोटाशी. मी हाक मारली तर बघते, पण उत्तर — तिला कधी कुणी गप्प बसवू शकलं नव्हतं.

लग्नाचा फोटो दाखवला. बोट ठेवून नीट सांगितलं तिने. ही आई. हा बाबा. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे. हळूच म्हणाली, काका, तुम्ही मला माझ्या बाबाकडे सोडाल?

काका.

फार शहाण्यासारखं म्हणाली. अनोळखी माणसांशी नीट बोलावं, त्यांना चिडवू नये, हे मीच शिकवलंय.

गुरुवार, नंतर

हो म्हणालो. सोडतो म्हणालो. चपला शोधायला वाकलो, तेवढ्यात तिने मला दाराबाहेर —

इतकीशी पोर. एवढा जोर कुठून आला? कडी लावली. आतली. मीच तिच्या हाताला येईल अशी खाली बसवून दिली होती पहिल्या दिवशी.

वही खिशात होती. जिन्यात बसलोय. डबी आत, फ्रीजमध्ये. काही उपयोग नाही आता तिचा. रिकामी झाली असेल.

खाली माणसं जमलीत. मालकांचा आवाज. कुणी म्हणतंय, पोरगी एकटी आहे आत त्या माणसाबरोबर. नाही, तो बाहेर आहे. जिन्यात आहे. दुसरं कुणी तिच्या आईला फोन —

पायऱ्या चढताहेत. चौघं असतील.

माझी काही तक्रार नाही. तिला सांभाळा एवढंच. तिला अंधारात भीती — दूध कोमट लागतं — हे कुणाला सांगू, कोण ऐकेल माझं —

ती रडतेय आत. हाका मारतेय. बाबा, लवकर ये, बाहेर कुणीतरी आहे. बाबा, ये ना.

मी ओ दिली. आलो गं, म्हणालो, हा बघ मी, इथेच आहे. माझा आवाज ऐकून ती आणखीच

पुन्हा हाक मारतेय. बाबा. बाबा. ओ न देता कसा बसू, ओ दिली तर ती