नेसरीनची बदली

मॉन्ट्रियल, ४ मार्च २०२३

चि. नेसरीनला मावशीचे अनेक आशीर्वाद.

डोळ्यांचं आता लपवण्यात अर्थ नाही. उजवा गेला, डावाही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. काल शोरब्यात मिठाऐवजी साखर पडली, तरी हट्टाने संपवला! माझ्या गल्लीतल्या शाळेत गणिताची जागा रिकामी आहे. मुख्याध्यापिका माझ्याच महिला मंडळातली, मी परस्पर तुझं नाव सांगून टाकलं. आई गेल्यावर तू याच घरात वाढलीस, तेव्हा नखरे नकोत. बदली घे आणि ये.

वाट पाहणारी,
वसीला मावशी

शेरब्रुक, ११ मार्च

ती. मावशीस सलाम, वि. वि.

पत्र वाचून रडले. पण येता येणार नाही. तू लगेच म्हणशील, नवऱ्याने अडवलं. त्या बिचाऱ्याने तर सामान बांधायला घेतलं होतं.

मावशी, शिक्षिकेने हिजाब घालू नये या कायद्यासाठी तू मोर्च्यात घोषणा दिल्यास. त्यातली मेख तुला कुणी सांगितली नाही का? आधीपासून नोकरीत असलेल्यांना सूट आहे, पण त्याच संस्थेत, त्याच कामावर. तुझ्या गल्लीत आले की मी नवी ठरते. हिजाब मी माझ्या मर्जीने घेतला, तुझ्याशी भांडून. तुझ्या मोर्च्याने मला इथे डांबलं आणि आता तूच ये म्हणतेस. राग येतो गं, फार येतो.

पण तू शेगडीपाशी एकटी चाचपडतेयस, हे नजरेसमोरून हलत नाही. तू म्हणशील तर हिजाब काढते. कळव.

तुझीच,
नेसरीन

मॉन्ट्रियल, १९ मार्च

चि. नेसरीनला आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारणीकडून वाचून घेतलं; हे मात्र अंदाजाने मीच लिहितेय. ती मध्येच अडखळली, मी म्हटलं पुढे वाच.

सूटबिट मला माहीत नव्हती. असती तरी मोर्च्याला गेलेच असते, खोटं कशाला बोलू? मायदेशी ब्लिदाच्या शाळेत शिकवायचे, तेव्हा डोकं झाक नाहीतर मरशील, अशी धमकी अतिरेकी दाराला चिकटवून गेले होते. तुला हिजाबात पाहिलं की अजून तेच दार डोळ्यांपुढे येतं.

आठवडाभर ‘काढ आणि ये’ एवढंच लिहायला बसत होते. मला तू हवी आहेस, नेसरीन. अंधाराची भीती वाटते. पण तेव्हा माझ्या आईने माझे पाय धरले होते, माझ्यासाठी तरी झाक म्हणून. मी तिचंही ऐकलं नाही, देश सोडला. तू माझ्यासाठी काढू नकोस.

मुख्याध्यापिकेला, मोर्च्यातल्या माझ्या सोबतिणीला, नकार कळवला. मुलीला काय अडचण आहे, असं ती विचारत होती. मी म्हटलं, मुलीला काही अडचण नव्हती, ती आपण करून ठेवली.

राग असू दे, लोभही असू दे.

वसीला मावशी